एचएसपी७०ची अँटिबॉडी निरोगी रक्तातही बँड दाखवतेय

लॅबवाली_परळ:
नमस्कार. एम.एस्सी.चा प्रोजेक्ट सुरू आहे. मलेरियाचा परजीवी फाल्सिपेरम, त्याच्या एचएसपी७० या प्रथिनाविरुद्धची सशाची पॉलिक्लोनल (एकाच प्रथिनाचे अनेक भाग ओळखणारी) अँटिबॉडी लावून वेस्टर्न ब्लॉट केला, म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करून हवं ते अँटिबॉडीने शोधलं. परजीवीच्या लेनमध्ये (नमुन्याच्या रांगेत) ७० ते ७५ केडीएच्या (किलोडाल्टन, प्रथिनाच्या वजनाचं माप) मधे ठसठशीत बँड आला. पण लागण नसलेल्या रक्ताच्या लेनमध्येही, किंचित खाली, फिकट बँड आहे. पार्सल आलं तेव्हा धो-धो पाऊस होता आणि खोक्यातला बर्फ पार वितळला होता. अँटिबॉडी खराब झाली का? नवी मागवायची तर सरांपुढे पुन्हा पैशांचा विषय काढावा लागेल.

सायनचे_काका:
पोरी, घाबरू नकोस. एक दिवस बर्फाविना राहिल्याने अँटिबॉडी सहसा मरत नाही. मेली असती तर बँड फिका पडला असता, नको त्या लेनमध्ये नवा उगवला नसता.

एचएसपी७० जिवाणूपासून माणसापर्यंत सगळ्यांकडे असतं, आणि एटीपी धरणारा पुढचा भाग सगळ्यांत बराच सारखा. परजीवीचं एचएसपी७०-१ साधारण ७४ केडीएचं, आपलं एचएससी७० (माणसातलं त्याच कुळातलं प्रथिन) साधारण ७१चं. म्हणजे तो खालचा बँड बहुधा माणसाचाच. डेटाशीटवर इम्युनोजेन, म्हणजे सशाला काय टोचलं होतं, ते बघ. पूर्ण प्रथिन टोचलं असेल तर आपलंही पकडलं जाणारच. अगदी शेवटची चार अमिनो आम्लं, ईईव्हीडी, तीही दोघांत तीच. वेगळेपण त्याच्या थोडं आधी, जीजीएमपीच्या पुनरावृत्तींत आहे.

आणि रक्तदात्याच्या पिशवीतल्या पांढऱ्या पेशी नीट काढल्यास ना? मी लॅबमध्ये आयुष्य घालवलंय, नव्या मुलामुलींना पहिलं हेच विचारतो. बफी कोट (पांढऱ्या पेशींचा थर) थोडा जरी राहिला तरी एचएससी७० त्यातून भरपूर येतं.

पवईकर:
काकांशी सहमत. दोन्ही नमुन्यांना सॅपोनिन (तांबड्या पेशी फोडणारं रसायन) द्या, वरचं पाणी लाल दिसेनासं होईपर्यंत पेलेट (तळाशी बसलेला गाळ) धुवा, मग ब्लॉट करा. ते पाणीही एका लेनमध्ये घाला. परजीवी एचएसपी७०-एक्स नावाचं भावंड तांबड्या पेशीत बाहेर पाठवतो. लागण झालेल्या नमुन्याच्या पाण्यात बँड आला तर त्याचाही विचार करावा लागेल. फक्त सेकंडरी (पहिल्या अँटिबॉडीला चिकटून बँड दिसता करणारी दुसरी अँटिबॉडी) लावलेली एक पट्टी मात्र विसरू नका.

लॅबवाली_परळ:
डेटाशीट उघडली. पूर्ण रिकॉम्बिनंट (जनुक वापरून लॅबमध्ये बनवलेलं) प्रथिन लिहिलंय. बफी कोट मी वरवरच काढला जातो असं बघितलंय, आता पिशवी आली की स्वतः बसून काढते. मग ही अँटिबॉडी फुकट गेली म्हणायची का काका?

सायनचे_काका:
अजिबात नाही. शुद्ध पेलेटवर ती उत्तम चालेल. फक्त निरोगी रक्ताची लेन प्रत्येक ब्लॉटमध्ये ठेव, आणि रुग्णाच्या रक्तावर थेट लावून "मलेरिया आहे" असं कधीही म्हणू नकोस. आजच छोटे अलिकोट (वाटे) करून उणे २०ला ठेव, पुन्हा पुन्हा वितळवू नकोस. सरांना दोन्ही लेन एकाच फिल्मवर दाखव, ते पैशांचं नंतर बघतील.