सायकल अगदी कडेनंच का चालवायची?

(सोसायटीचा ग्रुप, विश्रामबाग, सांगली)

बी-४०२: सर्व पालकांना विनंती. आज सकाळी शंभर फुटी रोडला आपल्या सोसायटीतल्या दोन मुली सायकलवरून क्लासला निघाल्या होत्या. कडेनं जायचं सोडून चांगल्या चार फूट आत. हॉर्न दिला तरी बाजूला होत नाहीत, मागं गाड्या तुंबल्या. उद्या काही झालं की गाडीवाल्यालाच धरणार. मुलांना जरा समज द्या.

ए-३०४: काका, त्यातली एक माझी लेक. एकदम कडेला जाऊ नकोस असं मीच तिला सांगितलंय. तिथं कडेला गाड्या लावलेल्या असतात, कोण कधी दार उघडेल सांगता येत नाही. गाड्या नसतील तिथं वाळू, खडी, नाहीतर खाली गेलेलं चेंबरचं झाकण. ते चुकवायला हँडल वळवलं की ती एकदम तुमच्या गाडीसमोर येणार. त्यापेक्षा आधीपासून थोडी आत, सरळ रेषेत चाललेली बरी. मागच्याला निदान दिसते तरी.

बी-४०२: वहिनी, काळजी मलाही आहे म्हणूनच लिहिलं. पण आम्ही टॅक्स भरतो, विमा काढतो, लायसन्स काढतो. सायकलला यातलं काहीच नाही. मग तिनं बाजूला व्हायला काय हरकत आहे?

सी-१०१: सायकलला टॅक्स कधीच नव्हता असं नाही ओ. आमच्या लहानपणी नगरपालिकेचा पितळी बिल्ला घ्यावा लागायचा. रात्री दिवा नसला, डबलसीट दिसली, की पोलीस उतरवायचा. चाकातली हवा सोडायचा ते वेगळंच. पुढं बिल्ला गेला, सायकल राहिली. बिल्ला गेला म्हणून रस्त्यावरचा हक्क गेला असं कुणी म्हटलं नाही.

ए-२०३: काका, मी अपघाताच्या दाव्यांचं काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. लायसन्स, पासिंग, विमा हे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं मोटार वाहनाला लावलंय. सायकल त्या व्याख्येत बसतच नाही. गाडीचं वजन आणि वेग दुसऱ्याचा जीव घेऊ शकतो, म्हणून चालवणाऱ्याची परीक्षा घेतात आणि तिऱ्हाइताला भरपाई मिळावी म्हणून विमा सक्तीचा करतात. ते पैसे भरले म्हणून रस्ता आपल्या नावावर होत नाही. आणि गावातले बहुतेक रस्ते महापालिका करते. घरपट्टी तर सायकलवाल्याच्या घरालाही येते.

आता ओव्हरटेकचं. २०१७ साली केंद्रानं गाडी चालवण्याचे नवे नियम काढले. पादचारी, सायकलस्वार, लहान मुलं, म्हातारी माणसं, दिव्यांग यांची चालकानं विशेष काळजी घ्यायची असं त्यात सरळ लिहिलंय. पुढच्याला धोका न होता जाता येत असेल तरच पुढं जायचं. जागा नसेल तर मागं थांबायचं, मग पुढं ट्रक असो की सायकल. जर्मनीत सायकल ओलांडताना गावात दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर २०२० पासून कायद्यानंच ठरवून दिलंय. आपल्याकडं मीटरचा आकडा नाही, पण आरसा हँडलला घासेल इतक्या जवळून गाडी नेणं हे धोकादायक चालवणंच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली पहिल्या वेळी एक ते पाच हजार दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

हॉर्नचंही सांगते. अगदी मागं येऊन जोरात हॉर्न दिला की शिकाऊ पोर दचकतं आणि मान वळवून बघतं. मान उजवीकडं वळली की हँडलही उजवीकडं जातं. मोकळ्या जागेत स्वतः सायकल चालवून बघा, लगेच कळेल.

बी-४०२: ताई, मान्य. पण काही पोरं राँग साइडनं येतात, तीन-तीन जोडीनं गप्पा मारत जातात, त्याचं काय? परवा पुष्पराज चौकात एक जण सिग्नल तोडून आला. थोडक्यात वाचला.

ए-२०३: ते चूकच आहे, त्याला पाठीशी घालणार नाही. सिग्नल आणि डावी बाजू सायकलला सुद्धा आहे. राँग साइडनं येताना धडक बसली तर दाव्यात त्याच्या वाट्याला दोष येतो आणि भरपाई तेवढी कापली जाते. पण एकानं सिग्नल तोडला म्हणून दुसऱ्या सरळ चाललेल्या मुलीला कडेला दाबायचं, हे कुठल्या कायद्यात बसतं?

ए-३०४: ताई, देव न करो, पण काही झालंच तर काय करायचं हेही लिहून ठेवा. आमच्यासारख्यांना काही माहीत नसतं.

ए-२०३: हो, हे नीट वाचा. समोरून नेहमी एकच मुद्दा येतो, सायकलवाला अचानक मधे आला. अशा वेळी सायकलच मोठा पुरावा असते. मागचा मडगार्ड चेपलाय, कॅरिअर वाकलंय, मागची रिम आऊट झालीय, म्हणजे धडक मागून बसलीय. पुढचा चिमटा वाकला असेल तर गोष्ट वेगळी. आणि लोक काय करतात, तर दुसऱ्याच दिवशी सायकल दुकानात टाकून सरळ करून आणतात. असं करू नका. पंचनामा होईपर्यंत तशीच ठेवा, सगळ्या बाजूंनी फोटो काढा.

दुसरं, दवाखान्यात पोलिसांची कटकट नको म्हणून ‘सायकलवरून पडलो’ असं सांगतात. तेच केस पेपरवर उतरतं आणि पुढं तोच कागद आपल्याविरुद्ध वापरला जातो. गाडीनं धडक दिली असेल तर तसंच सांगा, नंबर मिळाला असेल तर तोही लिहून घ्यायला लावा. जखमीला उपचार मिळवून देणं चालकावर कायद्यानं बंधनकारक आहे. मदत करणाऱ्या वाटसरूलाही संरक्षण आहे, त्यामुळं बघ्यांनी घाबरू नये. भरपाईचा अर्ज सहा महिन्यांच्या आत टाका. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार मिळण्याची सोय आहे. सायकलवाल्याचा स्वतःचा विमा लागतो हा गैरसमज आहे. गाडीच्या विम्यात तो तिऱ्हाईत म्हणून धरलेला असतो.

कुपवाड एमआयडीसीतून रात्री सायकलवर घरी जाणारे कामगार अजून आहेत. त्यांच्या घरच्यांना हे ठाऊक नसतं म्हणून हक्काचे पैसे बुडतात. मला याचं फार वाईट वाटतं.

सी-१०१: ऊस हंगाम सुरू झाला की खरा धोका. डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर. पोरांना सांगा, त्याच्या मागं चिकटून जायचं नाही आणि डावीकडून घुसायचं तर अजिबात नाही. वळताना मागची ट्रॉली आत येते.

बी-४०२: हे मात्र सगळ्या मुलांना सांगायला हवं. नातवाला आजच सांगतो. क्लास सुटेपर्यंत अंधार होतो, आणि त्याच्या सायकलला मागं काहीच नाही. अंधारात मलाच दिसत नाही तो.

सेक्रेटरी: तर मग रविवारी सकाळी दहाला सगळ्यांनी सायकली पार्किंगमध्ये आणा. सी-१०१ आजोबा ब्रेक बघून देतील म्हणालेत. मागचे लाल दिवे एकदमच मागवू, प्रत्येकानं आपापले पैसे द्यायचे. सायकल स्टँडवर तीन स्कूटर लावलेल्या आहेत, ज्यांच्या असतील त्यांनी शनिवारपर्यंत काढाव्यात. आणि गेटमधून गाडी बाहेर काढताना आधी थांबा. भिंतीमुळं डावीकडून येणारी सायकल दिसत नाही.

बी-४०२: माझा एक दिवा धरा. नातवाच्या सायकलीचा मागचा ब्रेकही लागत नाही, घेऊन येतो.

ए-३०४: आमचे दोन. चार्जिंगचे घ्या ओ, सेलवाले पावसात बंद पडतात.