मदत हवी आहे: सीजीनॅटमागचा इमिच घराबाहेरून कसा उघडू?

मुलुंडला घरी रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर डॉकरमध्ये इमिच (स्वतःच्या सर्व्हरवर फोटो-व्हिडिओ ठेवायचं ॲप) चालवतोय. घरच्या वायफायवर झकास, बाहेरून उघडत नाही. राउटरमध्ये वॅनचा (इंटरनेटच्या बाजूचा) पत्ता १००.७२ ने सुरू होतो, म्हणजे सीजीनॅटच (अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी). पोर्ट फॉरवर्डिंग करून पाहिलं, उपयोग शून्य. माझी इंटरनेट कंपनी घरगुती जोडणीला स्टॅटिक (कायमचा) आयपी देत नाही. टेलस्केल हे व्हीपीएन ॲप माझ्या फोनवर उत्तम चालतं, पण गावी आईला ‘आधी व्हीपीएन चालू कर, मग नातवाचे फोटो बघ’ असं सांगणं मला पटत नाही. तिला नुसती लिंक उघडता यायला हवी. क्लाउडफ्लेअर टनेलच्या (घरचा सर्व्हर लिंकने बाहेरून उघडू देणारी सेवा) मोफत योजनेत एका अपलोडला १०० एमबीची मर्यादा आहे, बारशाचे व्हिडिओ त्याहून मोठे.

मुंबईतल्या डेटा सेंटरमधला १ जीबी रॅमचा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घेऊन तिथून घरापर्यंत वायरगार्ड (व्हीपीएन) जोडलं, तर व्हिडिओ न अडकता चालतील का? आणि महिन्याचा खर्च साधारण किती येतो?