अकादमीने काढलेला डिफेंडर पुढे काही करतो का?

घणसोलीचा_मामा:
भाचा १४ चा, सेंटर बॅक म्हणजे गोलसमोर मधोमध खेळणारा डिफेंडर, उंची आत्ताच पाच फूट अकरा. गेल्या महिन्यात इकडच्याच एका फुटबॉल अकादमीने काढला, कारण काय तर वळायला वेळ लावतो. तेव्हापासून स्टड्स बाल्कनीत पिशवीत पडलेत, चिखल वाळून दगड झालाय, ताई म्हणते निदान धुऊन तरी ठेव तर हा म्हणतो कशाला आता. डिफेंडर उशिरा तयार होतात म्हणे, कोणाचं उदाहरण असेल तर सांगा, मेस्सी रोनाल्डो नको, साधं कोणीतरी.

नेरूळ_ईस्ट:
मामा, डॅन बर्न, इंग्लंडचा सेंटर बॅक. गाव ब्लाइथ, न्यूकॅसलच्या जवळ, पोरगा कट्टर न्यूकॅसल क्लबवाला आणि त्यांनीच ११व्या वर्षी काढला. नंतर ॲस्डात ट्रॉल्या ढकलायचा, आपल्याकडे डीमार्टच्या पार्किंगमधून पोरं ट्रॉल्यांची आगगाडी ढकलत आणतात ना तेच काम. मग क्लब बदलत गेला, ब्लाइथ स्पार्टन्स, डार्लिंग्टन, २०११ ला फुलहॅम, मग विगन, ब्रायटन करत करत जानेवारी २०२२ ला परत न्यूकॅसल, तेव्हा वय २९. मार्च २०२५, लीग कप फायनल, समोर लिव्हरपूल, ट्रिपिअरचा कॉर्नर आणि हा सहा फूट सात इंची माणूस गर्दीत न घुसता लांब मागे उभा, मार्किंगला मॅकॲलिस्टर जो त्याच्या खांद्याला पण लागत नाही 😂 तिथून हेडर थेट कोपऱ्यात. न्यूकॅसलला ७० वर्षांनी देशातली ट्रॉफी, आणि पाच दिवसांनी अल्बानियासमोर इंग्लंडचा डेब्यू, ३२व्या वर्षी!

पाचपाखाडी_११:
गोष्ट भारी पण अर्धीच सांगितलीत. तिकडे वरून पडला तरी झेलायला खाली ढीगभर डिव्हिजन, म्हणजे खालच्या पातळीच्या लीग आहेत. आपल्याकडे काढलं की पोरगं थेट तासावर भाड्याच्या टर्फवर, पाच-पाच जण, उंच बॉल मारला की वरच्या जाळीला लागून खाली, तिथे सेंटर बॅकने करायचं काय? मामा, टर्फ बंद करा आणि फुल ग्राउंडवर खेळणारा लोकल क्लब बघा, मोठ्या पोरांत दोन लाथा खाऊ दे.
आणि वळण्याचं म्हणाल तर बर्न पण एसटी वळवल्यासारखाच वळतो, तरी २०२२-२३ ला लेफ्ट बॅक खेळला आणि टीमने अख्ख्या लीगमध्ये ३३च गोल खाल्ले. दोन पावलं आधीच मागे सरकायचं, अंग अर्धं वळवून उभं राहायचं, म्हणजे गर्रकन वळायची वेळच येत नाही. हे कोचने शिकवायचं असतं, त्यासाठी पोराला काढायचं नसतं.

वाशी_ब्रिज:
२०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपला मी डीवाय पाटीलला इंग्लंडच्या गेहीला बघितलेलं, तो पण सेंटर बॅकच

नेरूळ_ईस्ट:
साहेब डीवायला सेमी स्पेन-मालीची होती. इंग्लंडची सेमी आणि फायनल दोन्ही कोलकात्याला, गेहीने गोल मारला तो पण तिथेच.

घणसोलीचा_मामा:
भाचा बाजूला बसून वाचतोय, विचारतोय अर्धं वळून म्हणजे कुठला पाय मागे?

पाचपाखाडी_११:
स्ट्रायकरला ज्या बाजूला ढकलायचंय त्या बाजूचा.