बुडापेस्ट: रात्रीची बोट की दोन नंबरची ट्राम?

भटकभवानी
बुडापेस्टला निघालेल्या प्रत्येकाला एकच सल्ला मिळतो, "डॅन्यूबवरची रात्रीची बोट चुकवू नका." मी म्हणते, खुशाल चुकवा! काचेआड बसून मोठ्ठ्या आवाजातली गाणी ऐकायची आणि तासाभराने पुन्हा त्याच धक्क्यावर उतरायचं. त्यापेक्षा पेश्तच्या, म्हणजे नदीच्या पूर्वेकडच्या शहराच्या काठाने जाणारी दोन नंबरची पिवळी ट्राम घ्या. पलीकडे राजवाडा, चेन ब्रिज, गेलेर्ट टेकडी. दिवसाचा पास असला की हवं तिथे उतरा. संसदेपासून थोडं चालत गेलात की काठावर लोखंडी बूट दिसतील, ६० जोड. १९४४-४५ मध्ये अ‍ॅरो क्रॉस या हंगेरीतल्या नाझीधार्जिण्या पक्षाच्या लोकांनी ज्यूंना बूट काढायला लावून इथे गोळ्या घातल्या. बोटी त्या बुटांसमोरून नाचगाणी करत जातात. मला नाही बघवत.

ठाणेकर काका
ताई, बुटांचं पटलं. पण तुमची ट्राम संसदेला इतकी खेटून जाते की ती इमारत धड दिसतच नाही! दिवे लागल्यावरची संसद पाण्यातूनच बघावी. शिवाय आमचे गुडघे. जेवण-संगीत नसलेली साधी फेरीही मिळते, वर उघड्यावर बसायचं.

नदीवेडा
काका, संसदेसाठी बोट कशाला? संसदेजवळच्या कोशूत चौकातून मेट्रो दोन पकडा, नदीखालून एकच स्थानक, बत्यानी चौक. वर आलात की समोर अख्खी संसद. तिथून १९ किंवा ४१ नंबरची ट्राम बुडाच्या, म्हणजे पश्चिमेच्या काठाने जाते, ती संसद बसल्या जागी दाखवते. दोन नंबरचं कौतुक जरा अतीच होतं. आणि गुडघ्यांसाठी रुदाशचं गरम पाण्याचं स्नानगृह आहे ना! सोळाव्या शतकातला तुर्की घुमट, खाली अष्टकोनी गरम कुंड. गच्चीवरच्या कुंडात बसून नदीही दिसते.

भटकभवानी
२०१९ च्या मे महिन्यात भर पावसात मार्गारेट पुलापाशी मोठ्या क्रूझची धडक बसून छोटी पर्यटक बोट बुडाली. बहुतेक प्रवासी कोरियन होते. नदीत एवढी गर्दी कशाला वाढवायची?

ठाणेकर काका
अपघाताच्या भीतीने घोडबंदर रोडही सोडावा लागेल मग. १९ नंबर लिहून घेतली. रुदाशला जाईन, पण पोहण्याच्या कपड्यांत आमच्या सौभाग्यवती येतील असं वाटत नाही. बोट मात्र सोडणार नाही.