पावसाळ्यात तुटणाऱ्या गावांत अन्नाची पोच मोजायची कशी?

मोजपट्टी

गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड तालुक्यातल्या काही ग्रामसभांसोबत मे महिन्यात पाहणी करायची आहे. कोणत्या टोल्यात (वाडी-वस्तीत) खायला काय मिळते, काय मिळत नाही आणि कधी मिळत नाही, हे नोंदवायचे. 'फूड डेझर्ट'ची अमेरिकी कृषी खात्याची व्याख्या वाचली: गरीब वस्ती, आणि ग्रामीण भागात सुपरमार्केट १० मैलांच्या, म्हणजे १६ किलोमीटरच्या पलीकडे. ही पट्टी इथे लावली तर सगळा तालुकाच वाळवंट ठरतो आणि गावागावांतला फरक कळत नाही. मग इथे मोजायचे काय? पावसाळ्याआधी चार महिन्यांचे रेशन मिळते, तेव्हा धान्याचा प्रश्न सुटला असे धरायचे का? आणि जूनच्या आत गावाच्या हातात करण्यासारखे काय आहे?

मापाडी

किलोमीटरचा रकाना काढून टाका, त्याजागी फेरी लिहा. घरातून निघून किराणा घेऊन परत येईपर्यंत किती तास गेले, गाडीभाडे किती, मजुरी किती बुडाली. समजा भाडे ६० रुपये, बुडालेली मजुरी ३०० आणि आणला १० किलो किराणा, तर प्रत्येक किलोवर ३६ रुपये चढले. हा आकडा टोल्याटोल्यात बदलतो आणि ग्रामसभेत कुणालाही पटतो.

दुसरा रकाना तुटण्याच्या दिवसांचा. पर्लकोटा नदीला पूर आला की बातमी होते, कारण तालुक्याचे ठिकाण अडकते. टोल्यासमोरच्या बिननावाच्या नाल्याची बातमी होत नाही, पण कंबरभर पाण्यात तेलाचा डबा घेऊन कुणी उतरत नाही. गेल्या पावसाळ्यात सलग जास्तीत जास्त किती दिवस पलीकडे जाता आले नाही, असे विचारा. 'सलग' हा शब्द गाळू नका. एकूण ४० दिवस सुटे सुटे तुटलेल्या गावाचे भागते, सलग १५ दिवस तुटलेल्याचे भागत नाही.

तिसरे, 'गावात दुकान आहे का' हा प्रश्न फसवा आहे. दुकान असतेच, त्यात कुरकुऱ्यांची पाकिटे, बिस्किटे आणि खर्ऱ्याचे (तंबाखू-सुपारीचे) सामान असते, कारण ते हलके, न नासणारे आणि रोख विकले जाणारे. स्वतः आत जाऊन फळीवर बघा: कोणतीही एक डाळ, तेल, मीठ, गूळ, कांदा-बटाटा, अंडी, हिरवी भाजी. त्या घडीला आहे की नाही एवढेच लिहा. 'असते एरवी' हे उत्तर म्हणजे नाही.

खाण्याची नोंद घ्यायची तर बायकांना कालच्या दिवसाचे विचारा. १० अन्नगटांची ठरलेली यादी आहे (धान्य, डाळी, दूध, मांस-मासे, अंडी, हिरव्या पालेभाज्या वगैरे). त्यांपैकी ५ गट पोटात गेले तर आहार किमान वैविध्याचा मानतात. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी आणि पंडुमच्या (गोंडांच्या सणाच्या) दिवसांत विचारू नका, आकडा फुगतो. आणि फक्त मे महिन्याची पाहणी तर अर्धीच. तीच यादी ऑगस्टमध्ये पुन्हा भरायला प्रत्येक टोल्यात एक माणूस आत्ताच ठरवून ठेवा.

गोदामपाल

रेशनपुरते लिहितो. प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी ५ किलो, अंत्योदय (सर्वांत गरीब घरांच्या) कार्डाला माणसे कितीही असोत ३५ किलो. म्हणजे पाच जणांच्या प्राधान्य घराला चार महिन्यांचे १०० किलो, अंत्योदयवाल्याला १४० किलो. जानेवारी २०२३ पासून हे फुकट आहे, तेव्हा पैसे मागितले तर ती सरळ तक्रार आहे (१९६७ किंवा १८००-२२-४९५०).

कागदावर हिशेब नीट बसतो. गडबड होते ती अशी. दुकानातल्या यंत्रावर चार महिन्यांचे अंगठे एका दमात घेतले जातात, धान्य दोनच महिन्यांचे हातात पडते, 'बाकीचे पुढच्या गाडीला' असे सांगतात. पुढची गाडी नाल्याअलीकडे थांबते. म्हणून महिन्यागणिक वेगळी पावती घ्यायची आणि पावतीवरचे किलो प्रत्यक्ष वजनाशी जुळवूनच पोते उचलायचे. द्वारपोच गाडी दुकानापर्यंतच येते. दुकान एका गावात आणि कार्डे पाच टोल्यांची असतील, तर शेवटच्या ८ किलोमीटरचे भाडे कार्डवालाच भरतो. पाहणीत हा आकडा नक्की घ्या.

रेंज नसलेल्या दुकानासाठी ग्रामसभेचा लेखी अर्ज मेच्या पहिल्या आठवड्यातच तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत द्या: वाटप कोणत्या तारखेला, कुठे आणि यंत्र चालले नाही तर नोंद कशी. आधार ई-केवायसी न झालेली नावेही आधीच तपासा. वाटपाच्या दिवशी कळून उपयोग नसतो.

मिरची तोडायला तेलंगणात गेलेल्यांनी तिथल्या दुकानातून याच कार्डावर धान्य उचलले असेल, तर इकडे त्या महिन्याचे तेवढे कमी मिळणार. ती चोरी नव्हे, पण दुकानदाराशी भांडणे यावरूनच होतात.

आता साठवण. १०० किलो तांदूळ झोपडीत चार महिने ठेवणे हे जमिनीपासून सुरू होते. पोती मातीवर टेकवू नका; खाली बल्ल्या किंवा फळ्यांची वीतभर उंच मांडणी, भिंतीपासून हातभर अंतर. तांदळातला ओलावा १४ टक्क्यांच्या वर गेला की बुरशी आणि सोंडे (सोंडकिडे) दोन्ही येतात. गहू कडक उन्हात वाळवता येतो. तांदूळ नाही, दाणा तडकतो आणि कणी होते. तांदूळ सावलीत पसरा आणि घट्ट झाकणाच्या कोरड्या ड्रममध्ये काठोकाठ भरा. आत हवा जितकी कमी तितके किडे कमी. कडुनिंबाचा पाला घालायचा तर पूर्ण वाळलेला. ओला पाला स्वतःच ओलावा सोडतो. किडे मारायच्या गोळ्या राहत्या घरात अजिबात वापरू नका, त्यांचा वायू माणसालाही मारतो.

आणखी एक. रेशनच्या तांदळात शंभराला एक या प्रमाणात पोषणदाणे मिसळलेले असू शकतात: लोह, फॉलिक आम्ल, बी-१२. रंगाने किंचित वेगळे दिसतात, म्हणून 'प्लास्टिकचा तांदूळ' समजून बायका ते वेचून टाकतात. तो तांदळाच्याच पिठाचा दाणा आहे. फार चोळून धुवू नका आणि पेज फेकू नका.

रानभाजी

रेशनने धान्याचा प्रश्न सुटला का, या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर: नाही, सुटला नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २००० कॅलरींच्या ताटात दिवसाला २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी किंवा मांस-अंडी, २७ ग्रॅम तेल-चरबी, ४०० ग्रॅम भाज्या असतात. रेशनचे ५ किलो म्हणजे दिवसाला १६६ ग्रॅम. धान्याचाही एक-तृतीयांश भाग घरच्या धानातून (भातातून) किंवा विकत यायचा. रोवणीला (भातलावणीला) दिवसभर वाकणाऱ्या बाईला २००० कॅलरी पुरतही नाहीत.

पाच जणांचे १२० दिवस धरा: डाळ ५१ किलो, तेल १६ किलो. एवढे कुणी साठवत नाही. निम्मे साठवले तरी खूप झाले, आणि त्यासाठी रोकड लागते ती मे महिन्यातच, तेंदूपत्त्याची (विडीच्या पानांची) मजुरी हातात आल्यावर. मजुरी रखडली की डाळच घ्यायची राहते. म्हणून पाहणीत 'तेंदूचे पैसे कधी मिळाले' हा प्रश्न हवाच. पैशांचा प्रश्न वाटतो, पण आहे जेवणाचा.

भाजीचे वेळापत्रक वेगळे असते. पाऊस पडताच तरोटा (टाकळा) येतो, मग वास्ते (बांबूचे कोंब), मग सात्या (रानातल्या अळंब्या). वास्त्यांचे पातळ काप करून उकळायचे आणि ते पाणी फेकायचे; त्यातला कडवट अंश विषारी असतो. सात्या जाणत्या माणसाने ओळखलेल्याच खायच्या, फोटो पाहून नाही. परसबागेतली बरबटी (चवळी), दोडका, भोपळा जूनच्या पहिल्या पावसाला टोचले तर ऑगस्टशिवाय हातात येत नाहीत. म्हणजे जून-जुलै रानावर आणि वाळवणावर. अंबाडीचा पाला, मोहफुले, सुकवलेले मासे हे मेपर्यंत तयार हवेत. मोहाच्या टोळीचे (बियांचे) तेल काढणारी घरे अजून असतील तर त्यांची वेगळी नोंद घ्या, कारण तेवढे तेल बाजारातून आणावे लागत नाही.

अंगणवाडी विसरू नका. गरोदर आणि स्तनदा मातांना अमृत आहार योजनेत एक वेळचे पूर्ण जेवण आहे, मुलांना अंडी किंवा केळी. पावसाळ्यात आधी अंडी बंद होतात, मग भाजी, शेवटी उरतो डाळभात. नोंदवहीत मात्र ताट पूर्ण असते. गावातल्याच कोंबड्यांची अंडी अंगणवाडीला विकत घेता येतील का, हे सेविकेला विचारा.

मोजपट्टी

तेंदूचा प्रश्न डोक्यातच नव्हता, घालतो. गोदामपाल दादा, धान्य बँकेचे काय, म्हणजे गावाने साठवून गरजेला उसने द्यायच्या धान्याचे? दोन गावांत बचत गट तयार आहेत, पण तांदूळ साठवायचा म्हणतात.

गोदामपाल

तांदूळ नको, धान साठवा. तुसामुळे कीड कमी लागते आणि पुढच्या सालापर्यंत टिकते. क्विंटलभर धानाचे ६५-६७ किलो तांदूळ धरून हिशेब करा. शेणामातीने लिंपलेली ढोली (धान्याची कणगी) चालेल, पण उंच ओट्यावर आणि उंदरांसाठी पायांना पत्रा लावून. कांडायची सोयही आधी बघा: गिरणी विजेवर असेल आणि वीज आठ दिवस नसेल तर धान ढोलीत आणि माणसे उपाशी. गावात उखळ-मुसळ किंवा ढेकी (पायाने चालवायचे कांडण) चालू स्थितीत आहे का, ते तपासा.

वाढीचा दर गावाने ठरवावा. सावकाराची सवाई (पाव पट वाढ) नको. क्विंटलमागे १० किलो पुरते, त्यात उंदीर-घट निघते. परतफेड कापणीनंतर, धानातच. बँक बुडते ती दुसऱ्या वर्षी, जेव्हा पहिल्या वर्षी न फेडलेल्यांना पुन्हा द्यायचे की नाही हे ठरलेले नसते. तो नियम पहिले पोते भरण्याआधी लिहा. ओटा आणि छपरासाठी पेसाच्या (आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामसभांच्या कायद्याच्या) ५ टक्के अबंध निधीतून ग्रामसभेचा ठराव करता येतो.

मापाडी

ऑगस्टच्या फेरीसाठी एकच भर: दुकानदाराला 'डाळ संपली कोणत्या तारखेला' आणि 'पुन्हा आली कोणत्या तारखेला' हे दोन आकडे कॅलेंडरवर लिहायला सांगा. कागदी अर्जापेक्षा भिंतीवरचे कॅलेंडर टिकते, आणि त्या दोन तारखांमधले दिवस हीच तुमची पट्टी.