प्रतिसाद : पोर्ट उघडूनही नोड इतरांना का सापडत नाही

आपला बिटटोरेंट नोड (फाइली थेट एकमेकांत वाटणाऱ्या जाळ्यातला आपला संगणक) इतरांना शोधतो, पण राउटरवर पोर्ट (बाहेरून आत येण्याचा क्रमांकित दरवाजा) उघडूनही बाहेरून कोणी त्याच्याशी संपर्क सुरू करत नाही, अशी मूळ तक्रार आहे; त्यावर सॉफ्टवेअर पुन्हा बसवण्याचा वर सुचवलेला उपाय मला व्यर्थ वाटतो. प्रथम राउटरवर दिसणारा वॅन पत्ता (सेवादात्याने राउटरला दिलेला पत्ता) आणि बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता ताडून पाहावा. वॅन पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल (तो २०१२ साली याच कामासाठी राखून ठेवण्यात आला), तर सेवादात्याने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवले आहे, आणि घरच्या राउटरवर उघडलेल्या पोर्टचा तेथे काहीही उपयोग होत नाही.

राउटिंग टेबल (ओळखीच्या नोडची आपली यादी) भरलेले दिसते म्हणून सारे ठीक आहे असे समजू नये. नोड शोधण्याच्या कॅडेम्लिया पद्धतीवर आधारलेल्या या व्यवस्थेत यादीच्या प्रत्येक कप्प्यात आठच नोड मावतात, आणि १५ मिनिटे ज्याची काही हालचाल नाही तो संशयास्पद ठरतो. राउटर यूडीपीसाठी (या विचारणा ज्या पद्धतीने पाठवल्या जातात तिच्यासाठी) उघडतो ती तात्पुरती वाट मात्र त्याच्या कितीतरी आधी बंद होऊ शकते. मग इतरांनी केलेली विचारणा आपल्यापर्यंत पोहोचत नाही आणि लागोपाठ उत्तरे न मिळाल्याने ते आपली नोंद काढून टाकतात. आपल्या वहीत सगळे शेजारी, शेजाऱ्यांच्या वहीत आपण नाही!

यावर सेवादात्याकडून सार्वजनिक पत्ता घ्यावा, किंवा आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) उपलब्ध असल्यास फायरवॉलमध्ये तोच यूडीपी पोर्ट आत येण्यासाठी मोकळा करावा. नंतर वायरशार्कमध्ये (जाळ्यावरची ये-जा दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये), आपण कधीही न विचारलेल्या पत्त्यांवरून विचारणा येते का, तेवढे पाहावे.