मिनिट्स एआयने लिहायच्या, मग हरकत कुठे नोंदवायची?

खाडीकाठ: काल इथे कुणीतरी लिहिलं की काजू-आंब्याच्या छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांनी बोर्ड मीटिंगचं रेकॉर्डिंग एआयला द्यावं, दहा मिनिटांत मिनिट्स (बैठकीचं अधिकृत इतिवृत्त) तयार, सीएसची म्हणजे कंपनी सेक्रेटरीची फी वाचली. राहवलं नाही म्हणून लिहितो. कंपनी कायद्याच्या कलम ११८ प्रमाणे हजर संचालकांची नावं लागतात आणि प्रत्येक ठरावाला कोण सहमत नव्हतं तेही. एआय नेमकं तेच गाळतं. कर्जाच्या ठरावावर एकजण पुटपुटतो, "माका ह्या पटूक नाय", आणि छापून येतं "सविस्तर चर्चेअंती एकमताने संमत". उद्या ते कर्ज बुडालं की विरोध करणाराही कागदावर सामील! नीट ठेवलेल्या मिनिट्स उलट सिद्ध होईपर्यंत खऱ्याच धरल्या जातात.

काजूबी: आणि हाताने कोण वेळेवर लिहितं? मार्चपासून बी यायला लागली की वही बंद, मग पावसात चार मीटिंगच्या मिनिट्स एका बैठकीत. मुदत ३० दिवसांची. मसुदा १५ दिवसांत संचालकांकडे, त्यांच्या दुरुस्त्या ७ दिवसांत. एआयचा मसुदा त्याच संध्याकाळी मिळतो, तेव्हा आठवण ताजी असते.

वेंगुर्ला_बंदर: मसुदा कसला! "पन्नास पेटी उचलायची" म्हणजे हापूसच्या ५० पेट्या की ५० लाख? मशीनला मालवणी कळत नाही, आकडा मात्र ठोकून देतं.

काजूबी: मग मीटिंगमध्ये प्रमाण मराठी बोला.

वेंगुर्ला_बंदर: का म्हणून? संचालकाला डीआयएन (संचालक ओळख क्रमांक) लागतो, प्रमाण मराठीचा दाखला नाही. आमच्या माणसाने बोर्डावर तोंड मिटून बसायचं का?

काजूबी: तोंड मिटा असं मी म्हटलेलं नाही. ठराव झाला की अध्यक्षांनी रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत वाचून दाखवावी, हरकत घेणाऱ्याचं नाव मोठ्याने घ्यावं. रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट येतं.

वेंगुर्ला_बंदर: हे आधी सांगायचं होतं. तरीही मालवणीची चेष्टा खपवून घेणार नाही.

खाडीकाठ: वाचून दाखवण्याचा मुद्दा मान्य, मसुद्यापुरता. पण ठरावात ज्याचा स्वतःचा व्यवहार आहे, त्याने कलम १८४ खाली हितसंबंध आधी सांगितला का, हे एआयला विचारू नका. प्रायव्हेट कंपनीत सांगितल्यावरच त्याला चर्चेत भाग घेता येतो. ती ओळ आणि हरकत, दोन्ही माणसाने तिथेच हाताने टिपायची. प्रत्येक पानावर आद्याक्षरं, शेवटच्या पानावर तारीख-सही अध्यक्षांची. आणि एआयचा प्रिंट वहीत डकवू नका, डकवलेलं पान चालत नाही.

काजूबी: डकवण्याचं ठीक. फी वाचते हे तरी कबूल करा.

खाडीकाठ: टायपिंगची वाचते. तपासणीची नाही.